‘नापीक’ ठरवण्याआधी खारजमीन खणून पाहा

मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठी बांध घालून भरतीचं पाणी अडवलेल्या शेतजमिनीत गेलं, की जमिनीवर मिठाची पांढरी पापडी दिसते. मातीला भेगा पडलेल्या असतात, धसकटं करपून गेलेली असतात आणि बांधावरचं गवतसुद्धा पायाखाली चुरचुरतं. या दिवसांत जमीन पाहणाऱ्याच्या तोंडी एकच शब्द येतो : नापीक. तीच जमीन ऑगस्टमध्ये पाहिली तर भाताच्या चुडांना फुटवे आलेले असतात आणि खाचरातल्या पाण्यात खेकड्याची पिल्लं फिरत असतात. दोन्ही दृश्यं खरी आहेत. मात्र सरकारी कागदावर बहुधा पहिलंच उतरतं आणि त्या एका शब्दावर पुढचे सगळे निर्णय उभे राहतात : बांध दुरुस्त करायचा की नाही, जमीन उद्योगाला द्यायची की नाही, मुरूम टाकून भराव करायचा की नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. खारजमिनीचा कस तिच्यातल्या जिवांवर ठरतो आणि त्या जिवांचं जगणं पाण्याच्या ये-जा करण्यावर. म्हणून खारभूमी योजनेचं यश बांधाच्या किलोमीटरांत आणि ‘संरक्षित’ हेक्टरांत मोजणं चुकीचं आहे. बांधाच्या आतली माती दरवर्षी कशी बदलते ते मोजावं, आणि उघाडी (बांधातलं झडपेचं दार) कधी उघडायची, कधी मिटायची, खांड (बांधाला पडलेलं भगदाड) किती दिवसांत बुजवायची हे त्या मोजणीवरून ठरवावं.

हे पटायला आधी बांध घालण्यापूर्वीच्या चिखलात काय चाललेलं असतं ते पाहावं लागेल. भरतीच्या पट्ट्यातल्या गाळात हवा फार तर वरच्या काही मिलिमीटरांपर्यंत पोचते. या पातळ थरावर डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा सोनेरी-तपकिरी साय असावी तसा पापुद्रा असतो. तो आपल्या चिकट स्रावाने गाळाचे कण धरून ठेवतो. त्याखाली माती काळी होते आणि कुजक्या अंड्यासारखा वास येतो. हा वास मेलेपणाचा वाटतो, पण तो भरपूर काम चालू असल्याचा पुरावा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांत पावणेतीन ग्रॅमच्या आसपास सल्फेट. हवा नसलेल्या थरातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी या सल्फेटवर श्वास चालवतात आणि तिवरांची (कांदळवनातल्या झाडांची) गळलेली पानं, मेलेली मुळं, शेवाळ यांचं विघटन करतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो, तो गाळातल्या लोहाशी जुळतो आणि काळं लोह-सल्फाइड बनतं. काळ जाईल तसं त्यातल्या काही भागाचं पायराइट होतं. हे खनिज पाण्याखाली, हवेविना असेपर्यंत शांत पडून राहतं. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ याच्यात आहे.

या काळ्या चिखलात हवा नेण्याचं काम खेकडे, निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) आणि समुद्री कृमी करतात. खेकड्याचं बीळ उभं कापून पाहिलं तर आजूबाजूची माती काळी आणि बिळाची भिंत मात्र गंजलेल्या लोखंडासारखी तांबूस दिसते. तिवराच्या मुळांभोवतीही तसंच तांबूस अस्तर असतं. त्या रेषेच्या एका बाजूला हवेवर जगणारे जिवाणू आणि दुसऱ्या बाजूला हवा न सोसणारे, असे दोन वेगळे समाज अगदी जवळजवळ नांदतात. भरती-ओहोटी दिवसातून दोनदा ही रेष सरकवते.

आता बाहेरकाठा, म्हणजे समुद्राकडचा बांध, बांधून झाला आणि पाणी यायचं थांबलं असं समजा. पहिल्या काही आठवड्यांत डोळ्यांना दिसणारे प्राणी जातात : कृमी, शिंपले, निवट्या. खेकडे थोडे जास्त तग धरतात आणि उघाडीच्या तोंडाशी किंवा नाळ्यांच्या (आतल्या पाण्याच्या वाटांच्या) काठाला सरकतात. माती आक्रसते, भेगा पडतात, भेगांतून हवा खाली जाते आणि काळा रंग करडा-तपकिरी होऊ लागतो. याला माती ‘पिकणं’ म्हणता येईल. नेदरलँड्समध्ये समुद्रातून काढलेल्या जमिनींसाठी याच अर्थाचा शब्द रूढ आहे. इथवर सगळं ठीक वाटतं. पण या टप्प्यात तीन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात आणि तिन्हींत चूक होऊ शकते.

पहिली गोष्ट मिठाची. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरात सुमारे १,९५० टन माती असते. भिजून तट्ट झालेल्या चिकण गाळात मातीच्या वजनाच्या साठ टक्के पाणी धरलं आणि ते निव्वळ समुद्राचं मानलं, तर नुसत्या त्या थरात ४० टनांच्या आसपास मीठ भरतं. हे धुवायला कोकणात पाऊस भरपूर आहे. ३,००० मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी तीन कोटी लिटर गोडं पाणी. तरीही पाऊस पडला की मीठ गेलं, असा हिशोब चालत नाही. पाणी साचून राहिलं आणि ओहोटीला उघाडीतून बाहेर पडलं नाही, तर विरघळलेलं मीठ तिथेच राहतं. पाऊस संपल्यावर खालचं खारं पाणी केशाकर्षणाने वर चढतं, उन्हाने उडून जातं आणि मीठ पृष्ठभागावर ठेवून जातं. मेमधली पापडी ती हीच. मातीच्या संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युत वाहकता, म्हणजे क्षारतेचं माप, ३ डेसिसायमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचं उत्पन्न घटायला लागतं आणि ४ च्या वरची जमीन शास्त्रात क्षारयुक्त धरतात. खारजमिनीत हा आकडा एकाच वर्षात जुलै आणि मे यांच्यात कित्येक पटींनी वरखाली होतो. जिवाणू त्याबरोबर हेलकावे खातात. बदलत्या क्षारतेत पेशीतलं पाणी टिकवायलाच त्यांची बरीच ऊर्जा जाते, म्हणून अशा मातीत सेंद्रिय पदार्थ कमी असतो आणि असलेलाही हळू कुजतो.

दुसरी गोष्ट सोडियमची, आणि ही जास्त फसवी. पावसाने विरघळलेलं मीठ धुतलं जातं, पण चिकणमातीच्या कणांना चिकटलेला सोडियम मागे राहतो. खारं पाणी असेपर्यंत कण एकमेकांना धरून असतात. गोडं पाणी आलं की ते सुटे होतात, फुगतात आणि मातीतली छिद्रं बुजवतात. जमीन चोपण होते. वरून पाणी मुरत नाही, खालून हवा येत नाही, आणि मीठ कमी झालेलं असूनही भाताची मुळं काळी पडतात. ओळखायची पद्धत सोपी आहे. हरभऱ्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात पावसाच्या पाण्यात अलगद सोडावं आणि न ढवळता दोन तास ठेवावं. ढेकूळ नुसतं विरघळून ढिगारा झालं तर चिंता नाही. त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला तर सोडियम जास्त आहे आणि जिप्समचा विचार करावा लागेल. जिप्सम टाकून पाणी बाहेर काढायला वाट नसेल तर मात्र तो खर्च फुकट जातो, कारण कॅल्शियमने हुसकलेला सोडियम त्याच खाचरात राहतो. १९५३ च्या महापुरात समुद्राचं पाणी शिरलेल्या डच शेतांत जिप्समचा मोठा वापर झाला, तो निचऱ्याच्या चरांसह.

तिसरी गोष्ट आम्लाची. पायराइटला हवा लागली की काही जिवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करून जगतात आणि त्यातून गंधकाम्ल निघतं. एक किलो पायराइटच्या आम्लाला शांत करायला सुमारे १.७ किलो शुद्ध चुनखडी लागते. म्हणजे वरच्या १५ सेंटीमीटरांत अवघं एक टक्का पायराइट असलं, तरी हेक्टरी तीस टनांहून जास्त चुना हवा. एवढा चुना कोणी टाकत नाही. गाळात शंख-शिंपल्यांचा चुरा भरपूर असेल तर तोच हे आम्ल पचवतो आणि काही बिघडत नाही. तो नसेल तर भेगांच्या भिंतींवर पिवळट, पेंढ्याच्या रंगाचे डाग दिसू लागतात, सामू (पीएच) ४ च्या खाली जातो, ॲल्युमिनियम विरघळून मुळांना जाळतं आणि नत्र उपलब्ध करून देणाऱ्या जिवाणूंचं काम थंडावतं. कोकणचा सगळा खारपट्टा असा नाही. पुष्कळ ठिकाणी सामू उदासीन किंवा किंचित विम्लधर्मी आहे. पण जिथे जुनी तिवरं होती तिथे ही शक्यता तपासल्याशिवाय खोल नांगरट करू नये. काळा थर वर आणणं म्हणजे आम्ल स्वतःच्या हाताने तयार करणं आहे.

हे धोके टाळायचे कसे, ते केरळातल्या पोक्कळी शेतीकडे पाहिलं की कळतं. तिथे पावसाळ्यात भात आणि कापणीनंतर नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत शेतात खारं पाणी घेऊन कोळंबी, असा फेर आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं की हे लोक आपल्याच शेतात मीठ ओततात. पण तिथली माती आम्ल गंधकाची आहे. उन्हाळ्यात ती कोरडी पडली तर आम्ल तयार होईल. भरतीचं पाणी तिला भिजलेलं ठेवतं, पायराइटला हवा लागू देत नाही, जोडीला ताजा गाळ आणून टाकतं, आणि कुजणारा पेंढा व धसकटं यांवर वाढणारे सूक्ष्मजीव कोळंबीला खाद्य होतात. जूनचा पाऊस मग मीठ धुऊन नेतो. गोव्याच्या सुमारे १८,००० हेक्टर खाजन (तिथली खारजमीन) जमिनीत मानसीच्या, म्हणजे तिथल्या उघाडीच्या, लाकडी झडपा हेच करत आल्या. भरतीच्या दाबाने झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, आणि कापणी झाल्यावर मोजकं खारं पाणी आत घेता येतं. त्या पाण्याबरोबर मासळी येते, शिवाय भाताच्या किडी आणि तण यांनाही आळा बसतो. कोरगूटसारखं भात या फेऱ्यातच टिकून राहिलेलं आहे. रायगडात उघाडीचं तत्त्व तेच, आणि अलिबाग तालुक्यातल्या शहापूरकडची जिताडा माशाची तळी ही त्याच पाण्याच्या हिशोबाची दुसरी बाजू.

पाणी पूर्ण तोडण्याचा मार्ग डच लोकांनी घेतला. त्यांच्याकडे पंप आहेत, निचऱ्याचं दाट जाळं आहे आणि ते चालवणारी भक्कम जलमंडळं आहेत. तरी मातीतले जीव आपोआप आले नाहीत. फ्लेव्होलँडमध्ये विमानातून नळगवताचं (रीड) बी पेरून आधी ओला गाळ सुकवला गेला, आणि नंतर कुरणांत-फळबागांत असं दिसलं की गवताचा आणि पानांचा न कुजलेला थर साचतोय, कारण गांडुळंच नाहीत. समुद्रतळ होता तो, येणार कुठून? मग ती आणून सोडावी लागली, आणि सोडलेली गांडुळं वर्षाला दहा मीटरसुद्धा पुढे सरकत नव्हती. चीनमध्ये हांगचौ उपसागराकाठी दोन हजार वर्षांत एकापुढे एक बांध घालत जमीन वाढवली गेली. तिथे वेगवेगळ्या वयांच्या भातजमिनी शेजारीशेजारी अभ्यासता आल्या. मीठ पहिल्या काही दशकांत उतरतं, पण सेंद्रिय कर्ब शतकानुशतकं साठत राहतो, आणि कोरडवाहू शेतापेक्षा भातखाचरात जास्त साठतो. म्हणजे आपल्या खारेपाटातल्या जुन्या खाचराची माती ही पिढ्यांच्या हातची वस्तू आहे. ती एका खांडीने बिघडू शकते आणि एका भरावाने कायमची संपते.

आपल्याकडे या मातीसाठी कायदा आहे. आधी १९४८ चा मुंबई राज्याचा, मग १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम. पूर्वी रायगडात ‘जोळ’ होती : ज्याची जमीन बांधाच्या आत, त्याच्या घरचा माणूस बांधाच्या कामाला. हळूहळू काम सरकारच्या खारभूमी खात्याकडे गेलं, जोळ मोडली, आणि बांध ही माती-दगडाची निविदा झाली. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ यांसारखी क्षार सहन करणारी भातं दिली, मातीचा अभ्यास केला. पण बांधकामाच्या अंदाजपत्रकात माती परीक्षणाचं एक कलमही सक्तीचं नसतं. उंची, उतार, पिचिंग (दगडी अस्तर), उघाडीचे गाळे हे सगळं मोजलं जातं. ज्या मातीसाठी हे करायचं तिचं मोजमाप मात्र नाही.

मृदा आरोग्य पत्रिका आहे की, असं कोणी म्हणेल. २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या पत्रिकेत बारा घटक आहेत : मुख्य अन्नद्रव्यं, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीला ती उपयोगी आहे. खारजमिनीत ती दिशाभूल करते आणि त्याची कारणं ठोस आहेत. जिरायत भागात दहा हेक्टरांच्या चौकोनाला एक नमुना घेतात, पण खारेपाटात उघाडीजवळचं खाचर आणि अर्धा किलोमीटर आतलं खाचर यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. नमुना दोन-तीन वर्षांतून एकदा, पीक नसताना घेतला जातो. क्षारता वर्षभर हलत असताना एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. नमुना सावलीत वाळवायला सांगतात. वाळताना सल्फाइडचं ऑक्सिडीकरण होतं आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत मूळ माती राहतच नाही. शिवाय पत्रिकेत जिवंत असं काहीच मोजलेलं नसतं.

मग काय मोजावं? प्रत्येक योजनेत बांधालगत, मधोमध आणि आतल्या टोकाला मिळून निदान पाच जागा कायमच्या खुणा करून ठेवाव्यात. तिथे ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटीमीटर असे तीन थर तपासावेत, आणि वर्षातून चारदा : मेच्या मध्यावर, आवणीच्या (रोपलावणीच्या) वेळी जुलैत, कापणीला ऑक्टोबरात आणि जानेवारीत. क्षारता एक भाग माती-दोन भाग पाणी या पद्धतीने मोजली की संपृक्त अर्काने, हे प्रत्येक आकड्यापुढे लिहिलंच पाहिजे. पहिल्या पद्धतीचा आकडा बराच कमी येतो आणि दोन्ही सरमिसळ केले तर जमीन सुधारल्याचा खोटा भास होतो. मेमध्ये ताज्या, हवाबंद पिशवीतल्या नमुन्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडची चाचणी करावी. चमचाभर ओल्या मातीवर ३० टक्क्यांचं द्रावण घातल्यावर उकळी फुटून सामू ३ च्या खाली गेला, तर त्या थराला हवा लागू द्यायची नाही असं समजावं. हे द्रावण कातडी जाळतं, म्हणून हातमोजे, चष्मा आणि प्रशिक्षित माणूस हवाच.

जिवंतपणा मोजायला महागडी यंत्रं लागत नाहीत. कापणीनंतर ओल असताना ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि खोल मातीचा ठोकळा काढून गांडुळं मोजावीत, खाचरात वेगळी आणि शेतबांधावर वेगळी. शेतबांधावर गांडुळं आहेत पण खाचरात नाहीत, तर वस्ती जवळ आहे आणि मीठ उतरलं की ती येईल. दोन्हीकडे नाहीत, तर नुसतं थांबून काही होणार नाही. उघाडीच्या आत आणि बाहेर एक मीटर चौकोनात खेकड्याची बिळं मोजावीत. बाहेर बिळं भरपूर आणि आत एकही नाही, तर झडप वर्षभर मिटलेलीच आहे हे कागद न बघता कळतं. सुती कापडाची एकसारखी पट्टी दहा सेंटीमीटर खोल पुरून चार आठवड्यांनी काढावी. ती किती कुजली यावरून सूक्ष्मजीवांच्या कामाचा ढोबळ पण तुलना करण्याजोगा अंदाज येतो, आणि कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थीही हे सहज करू शकतात.

आता खांडीकडे येतो, कारण या प्रश्नावर गावोगाव माणसं आणि कायदा समोरासमोर उभे आहेत. उधाणाला बांध फुटतो, दुरुस्ती लांबते, खारं पाणी रोज आत-बाहेर करतं. पाण्याबरोबर तिवराच्या बिया येतात आणि दोन-तीन वर्षांत शेतात कमरेइतकी रोपं उभी राहतात. सप्टेंबर २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने कांदळवनांना कडक संरक्षण दिलं. तोडीला मज्जाव आणि भोवती ५० मीटरचा पट्टा. तो निकाल योग्यच होता, कारण भराव टाकून कांदळवन मारण्याचा सपाटा लागला होता. पण खांडीमुळे ज्याच्या खाचरात तिवरं आली, त्याची जमीन स्वतःचा काही दोष नसताना हातची गेली.

यावर ‘तिवरं तोडू द्या’ हे उत्तर मला मान्य नाही आणि ‘शेतकऱ्याने सोसावं’ हेही नाही. बांधाबाहेरचं कांदळवन हे बांधाचं चिलखत आहे. लाटेचा जोर तेच मोडतं. त्याला हात लावूच नये. बांधाच्या आतला प्रश्न वेळेवर अवलंबून आहे. खांड एका पावसाळ्याच्या आत बुजली तर मातीतले गोड्या पाण्याचे जीव पूर्ण गेलेले नसतात, सल्फाइड फारसं साठलेलं नसतं, तिवरं रुजलेली नसतात. एक-दोन हंगामांत खाचर परत येतं. म्हणून कायद्यात मुदत हवी : खांड पडल्यापासून पहिल्या भांगाच्या (कमी उंचीच्या) भरतीत तात्पुरती बुजवणी, आणि पुढच्या मेअखेर पक्की. मुदत चुकली तर पिकाची भरपाई खात्याच्या निधीतून आपोआप सुरू व्हावी. उलट जिथे दहा-पंधरा वर्षं पाणी खेळलं आणि डोक्याइतकी तिवरं झाली, तिथे पुन्हा बांध घालून जमीन सुकवू नये. इतक्या वर्षांत तिथे दुसरी, खाऱ्या पाण्याची जीवसृष्टी बसलेली असते आणि काळ्या थरात पायराइट व कर्ब साठलेला असतो. सुकवलं तर आम्ल निघेल, कर्ब हवेत जाईल आणि भात तरीही कित्येक वर्षं नीट येणार नाही. तिथे शेतकऱ्याला जमिनीचा पूर्ण मोबदला द्यावा आणि कांदळवन राखावं. हे बोलणं काही शेतकऱ्यांना आवडणार नाही याची मला जाणीव आहे. पण बुडालेलं प्रत्येक खाचर परत मिळेल असं आश्वासन देणं ही त्यांची फसवणूक ठरेल.

खांड बुजल्यावरच्या पहिल्या पावसाळ्यात काय करायचं, यात बऱ्याच चुका होतात. पहिल्या सरींचं पाणी खाचरातून खाचरात उतरवत नेऊ नये. वरच्या शेतातलं मीठ खालच्याच्या गळ्यात पडतं. प्रत्येक खाचराला नाळ्याकडे स्वतंत्र मोरी असावी. दहा ते पंधरा सेंटीमीटर पाणी चार-पाच दिवस तुंबवून, हलकी चिखलणी करून, ओहोटीला पूर्ण सोडावं, आणि हे आवणीपूर्वी निदान तीन वेळा व्हावं. रोप कोवळं लावू नये. पंचवीस-तीस दिवसांचं, एका चुडात तीन-चार काड्या. युरिया फेकून दिला तर अशा मातीत त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडतो, कारण अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू मिठाने मंदावलेले असतात. त्यापेक्षा २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट चार चुडांच्या मध्ये सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचावी. गिरिपुष्पाचा पाला किंवा धैंचा गाडला की कुजवणाऱ्या जिवाणूंना खाद्य मिळतं, पण तो आवणीच्या दिवशीच गाडू नये. कुजताना उरलंसुरलं सल्फेट वापरून विषारी सल्फाइड निघतं आणि रोपं पिवळी पडतात. दहा-बारा दिवसांचं अंतर ठेवावं. कापणीनंतर धसकटं उंच ठेवावीत आणि पेंढ्याचा काही भाग शेतातच पसरावा. उन्हाळ्यात उघडी माती हेच मीठ वर येण्याचं सर्वांत मोठं कारण आहे. धसकटं जाळणं खारजमिनीत दुप्पट नुकसानीचं : आच्छादन जातं आणि जिवांचं अन्नही.

एवढं करून एकच पीक, त्यापेक्षा जमीन उद्योगाला दिलेली काय वाईट, असा प्रश्न शेतकऱ्यांची मुलंही विचारतात. त्यांच्या प्रश्नामागे खरी ओढाताण आहे आणि शेतीने त्यांना पुरेसं दिलेलं नाही हेही खरं. पण मुरमाचा दोन-तीन मीटर भराव पडला की खालच्या मातीचा श्वास कायमचा बंद होतो. पाणी गेलं किंवा मीठ आलं तर माती परतू शकते. भरावाखालून परतत नाही. दुसरा हिशोब शेजारच्या गावांचा आहे. अर्धा मीटर पाणी धरणारं एक हेक्टर खाचर ५० लाख लिटर पाणी थोपवून धरतं. असे शंभर हेक्टर भरले तर उधाण आणि अतिवृष्टी एकाच दिवशी आल्यावर ते ५० कोटी लिटर पाणी कुणाच्या तरी घरात जाणार. मुंबईने आपल्या खाड्या आणि मिठागरं भरून हे अनुभवलेलं आहे.

समुद्राची पातळी वाढत असताना आणखी एक गोष्ट नजरेआड होते. बांधाबाहेर दर भरतीला गाळ बसतो, आत बसत नाही. शिवाय सुकलेली माती आक्रसून खचते. त्यामुळे जुन्या योजनांत आतली जमीन बाहेरच्या चिखलापेक्षा खाली गेलेली आढळते. बांध उंच करत राहणं हे याचं अर्धंच उत्तर आहे. कापणीनंतर, भाताला धोका नसताना, उघाडीतून मोजका गाळ आत घेणं हे दुसरं अर्धं. ते करायचं तर झडपेचा ताबा कुणाकडे हे आधी ठरायला हवं. गोव्यात मानसीवरच्या मासेमारीचा लिलाव होतो, आणि जिथे झडप मासळीच्या सोयीने उघडी राहते तिथे भात मरतो. बारा महिने कोळंबी ठेवली तर मीठ शेजारच्या खाचरात झिरपतं आणि भातमातीतले जीव परतण्याची सवडच राहत नाही. भात आधी, मासळी नंतर, आणि जूनपूर्वी शेत रिकामं, ही अट मासळीच्या करारात लिहिलेली असावी.

त्यासाठी प्रत्येक उघाडीवर एक वही असावी. तिच्यात झडप उघडल्या-मिटल्याची तारीख, त्या वेळचं उधाण की भांग, आतल्या नाळ्याच्या पाण्याची क्षारता आणि पाच जागांचे मातीचे आकडे लिहावेत. वही ग्रामपंचायतीत सगळ्यांना पाहता यावी. बांधाच्या दुरुस्तीचं बिल मंजूर करताना अभियंत्याच्या मोजमापाशेजारी या वहीचं पान जोडणं सक्तीचं करावं. सुरुवात मेच्या मध्यावर, पापडी वर आलेली असतानाच करावी, आणि ऑक्टोबरचे आकडे त्याच पानावर शेजारच्या रकान्यात भरावेत.